अंगवळणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



'चांगल्या सवयी, आरोग्य आणि कामातली कार्यक्षमता' हा विषय मला देण्यात आला, तेव्हा वाटलं की आकाशवाणीच्या मंडळींची माणूस निवडण्यात काहीतरी गफलत झाली असावी. हा विषय डॉक्टरांचा, नाहीतर व्यवस्थापनाच्या शिबिरांत कोट घालून बोलणाऱ्या तज्ज्ञांचा. कवीकडे लोक सवयी शिकायला येत नाहीत. आलेच तर त्याला कुठल्या वाईट सवयी आहेत याची चौकशी करायला येतात. पण कविता करत असलो तरी मी पोट भरतो ते नगरपालिकेतल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर. मधली करवसुलीतली चार वर्षं सोडली, तर सारी नोकरी या एका टेबलावर गेली. एकच काम इतकी वर्षं केल्यावर सवय या गोष्टीबद्दल माणसाला थोडंफार कळायला लागतं. तेवढंच सांगतो.

आपल्या मराठीत या एका गोष्टीला किती शब्द आहेत पाहा. सवय आहेच. ती वाईट असली की खोड, हाताबाहेर गेली की व्यसन. देवाधर्माची असली की नेम. कचेरीत आली की शिरस्ता, जमिनीच्या दाव्यात शिरली की वहिवाट आणि गवयाच्या घरात राहायला गेली की रियाज. यांतले काही शब्द फारसी-अरबीतून आले आणि इथलेच होऊन राहिले. पण मला सगळ्यांत आवडतो तो 'अंगवळणी पडणं' हा वाक्प्रचार. गोष्ट डोक्यात राहत नाही, अंगात उतरते आणि अंगालाच वळण पडतं. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १८९० साली आलेला मोठा ग्रंथ आहे. त्यात सवयीवर एक आख्खं प्रकरण आहे आणि घडी पडलेल्या कागदाचा दाखला आहे. एकदा घडी पडली की दुसऱ्यांदा तो कागद तिथेच दुमडायला कष्ट पडत नाहीत. आमच्या आजीला हे जेम्ससाहेबांनी सांगायची गरज नव्हती. धुतलेल्या लुगड्याची घडी मोडू नका म्हणून ती आम्हा पोरांच्या मागे लागायची.

आता त्या एकवीस दिवसांचं बघू. एकवीस दिवसांत सवय लागते, असं तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. आमच्या टेबलावरही एकवीस दिवसांना फार महत्त्व आहे. १९६९ च्या कायद्याप्रमाणे घरात मूल जन्मलं किंवा कुणी गेलं, तर एकवीस दिवसांच्या आत कळवायचं असतं. त्यानंतर विलंब शुल्क लागतं. त्यामुळे 'एकवीस दिवसांत आयुष्य बदला' असं पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वाचलं की मला पहिल्यांदा विलंब शुल्कच आठवतं. हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकी प्लास्टिक सर्जन होते. नाकाचा किंवा चेहऱ्याचा आकार बदलल्यावर आरशातल्या नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णाला साधारण एकवीस दिवस तरी लागतात, असं त्यांना दिसलं आणि १९६० सालच्या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं. पुढे वाचणाऱ्यांनी 'तरी' हा शब्द गाळला आणि नाकाची गोष्ट सगळ्या आयुष्याला लावली.

खरा हिशेब लंडनच्या एका विद्यापीठात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २००९ साली तो प्रसिद्ध झाला. शहाण्णव माणसांना त्यांनी एकेक साधी गोष्ट निवडायला सांगितली. दुपारच्या जेवणाबरोबर फळ खायचं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावायचं, असलं काहीतरी. बारा आठवडे रोज विचारलं, आज केलंत का आणि ते कितपत आपोआप झालं? गोष्ट अंगवळणी पडायला मधल्या माणसाला सहासष्ट दिवस लागले. कुणाला अठराच पुरले, तर कुणाला त्याच चालीने दोनशे चोपन्न लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे एकाला पंधरवड्याहून थोडे जास्त आणि दुसऱ्याला आठ महिन्यांहून अधिक. म्हणून शेजाऱ्याला जमलं आणि मला का नाही, हा प्रश्नच मनातून काढून टाकावा.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली आणि मला ती जास्त मोलाची वाटते. मध्येच एखादा दिवस चुकला, तर फारसं काही बिघडत नाही. जेम्ससाहेबांचं मत याच्या उलट होतं. सवय पक्की होईपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नका, असं त्यांनी बजावलं आहे. सुताचा गुंडा हातातून एकदा सुटला की कितीतरी वेढे उलगडतात, असा त्यांचा दाखला. दाखला सुंदर आहे, पण मी लॅलीबाईंच्या बाजूचा. आमच्याकडे आजारपणात किंवा प्रवासात रमजानचा रोजा राहिला, तर तो नंतर करता येतो, त्याला कझा म्हणतात. लहानपणी मला ती सवलत वाटायची. आता वाटतं की माणूस कसा असतो हे ओळखून केलेली ती सोय आहे. एक दिवस गेला म्हणून सगळा महिना सोडून देणारी माणसं आपण पाहतोच. जानेवारीत चालायला जाणाऱ्यांनी भरलेलं आमचं मैदान फेब्रुवारीत रिकामं होतं, ते पाय दुखल्यामुळे होत नाही. लग्नसराईत दोन दिवस चुकतात आणि मग माणूस स्वतःवरच रुसतो.

सवय लागते कशाला? आपल्याला वाटतं निश्चयाला. तसं नसतं. ती लागते जागेला, वेळेला, आधीच्या कामाला. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी २०११ साली एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. सिनेमा बघायला आलेल्या लोकांना त्यांनी मक्याच्या लाह्या दिल्या. काहींना ताज्या आणि काहींना आठवडाभर शिळ्या, पार वातड झालेल्या. ज्यांना सिनेमा बघताना लाह्या खायची जुनी सवय होती, त्यांनी शिळ्याही ताज्याइतक्याच खाल्ल्या. वाईट लागत होत्या, हे नंतर त्यांनीच सांगितलं. पण हात डब्यात आणि डब्यातून तोंडात जात राहिला. त्याच प्रकारच्या लोकांना बैठकीच्या खोलीत बसवून दिल्या, तेव्हा शिळ्या लाह्या कमी खाल्ल्या गेल्या. तिसरा भाग तर फारच छान. सिनेमागृहातच, पण नेहमीच्या नसलेल्या हाताने, म्हणजे उजव्या हाताच्या माणसाने डाव्या हाताने खायच्या असं सांगितलं. तेव्हाही शिळ्या लाह्या कमी गेल्या. हात बदलला आणि माणूस जागा झाला.

मला हे वाचून आमच्या कचेरीतला चार वाजताचा चहा आठवला. तो किती वर्षं तसाच वाईट आहे आणि आम्ही किती वर्षं तो पितो आहोत!

चांगल्या कामासाठी हीच गोष्ट उलटी वापरता येते. 'मी व्यायाम करीन' असं म्हणणं वेगळं आणि 'अमुक झालं की तमुक करीन' असं ठरवणं वेगळं. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलं आहे. २००२ साली ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा तरी नीट व्यायाम करायचा होता. ज्यांना व्यायामाचे फायदे पटवून दिले, त्यांच्यापैकी शेकडा पस्तीस जणांनी केला. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, ते अडतीस होते. म्हणजे उपदेशाचा उपयोग शून्य. मी भाषण करतोय हे लक्षात असूनही सांगतो. पण ज्यांच्याकडून कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे हे लिहून घेतलं, त्यांच्यातल्या एक्याण्णव टक्क्यांनी केला.

आपल्या जुन्या नेमांत ही युक्ती आधीपासूनच आहे. अंघोळ झाली की तुळशीला पाणी. दिवेलागण झाली की शुभं करोति. अजान झाली की वजू, वजू झाला की नमाज. 'वेळ मिळेल तेव्हा' असं यात कुठेच नाही. आधीचं काम पुढच्या कामाला हाक मारतं.

यातलं माझं सगळ्यांत लाडकं उदाहरण म्हणजे शतपावली. पन्नाशी ओलांडली त्या वर्षी माझ्या रक्तात साखर निघाली. आमच्या घराण्यात ही वडिलोपार्जित इस्टेट आहे. अब्बांकडून मला घर मिळालं नाही, हे मिळालं. अब्बांचा पाय या दुखण्याने गेला आणि पाठोपाठ दोन वर्षांत तेही गेले. त्यामुळे डॉक्टरांनी अहवाल पुढे केला, तेव्हा आकडे वाचायच्या आधी माझी नजर माझ्या पायांकडे गेली. डॉक्टर भले होते. औषध लिहून दिलं आणि म्हणाले, रोज चाला. कधी, ते मी विचारलं. म्हणाले, जमेल तेव्हा. 'जमेल तेव्हा' ही वेळ माझ्या घड्याळात नाही.

मग शतपावली आठवली. जेवण झालं की हात धुवायचे आणि हात धुतले की अंगणात फेऱ्या. शब्दात शंभर पावलं आहेत, पण कुणी मोजत नसे. २०१३ साली अमेरिकेत झालेल्या एका लहानशा अभ्यासात असं दिसलं की प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललेल्या वयस्क माणसांची रात्रीच्या जेवणानंतर चढणारी साखर चांगली आटोक्यात राहिली. सकाळी एकदम पाऊण तास चालण्याने रात्रीचा तो फरक पडला नाही. माणसं फक्त दहा होती, म्हणून मी त्याचा डंका पिटणार नाही. पण जेवणानंतर स्नायू हलले की रक्तातली साखर ते उचलतात, ही गोष्ट वैद्यकाला चांगली ठाऊक आहे. आमचं बेसिन मागच्या दारात आहे. मी चपला त्याच्या खाली ठेवायला लागलो. हात धुतले की पाय आपोआप चपलेत जातात आणि चपलेत गेलेले पाय घरात परत यायला लाजतात. बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी अंगण कुठून आणायचं, हा प्रश्न रास्त आहे. गच्ची आहे, जिना आहे, नाहीतर घरातल्या घरात फेऱ्या आहेत. रमजानात इफ्तार आणि जेवणानंतर तरावीहच्या नमाजीत तासभर उठणं-वाकणं होतं, तेव्हा शतपावलीची मला वेगळी गरज वाटत नाही. मात्र रोजे धरायचे की नाही आणि गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, हे मी दरवर्षी आधी डॉक्टरांना विचारतो. तिथे माझी अक्कल चालवत नाही.

आता कामाकडे येतो. तिथे मला जरा जास्त बोलायचं आहे.

माझे एक मामू रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. ते रस्त्याने चालतानासुद्धा रेल्वेचं फाटक दिसलं की हात उचलून मोठ्याने सिग्नल म्हणायचे. आम्ही हसायचो. त्यांच्या कामात तो नियमच होता, आजही आहे. सिग्नल दिसला की ड्रायव्हर आणि सहायक दोघांनी तो एकमेकांना मोठ्याने सांगायचा. जपानच्या रेल्वेत हीच पद्धत फार पुढे नेलेली आहे. तिला ते 'शिसा कानको' म्हणतात. कर्मचारी सिग्नलकडे, घड्याळाकडे, बंद झालेल्या दाराकडे बोट दाखवतो आणि काय दिसतं ते तोंडाने बोलतो. आजूबाजूला कुणी नसलं तरी बोलतो. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ साली याची चाचणी घेतली. साध्या कामात शंभरामागे २.३८ चुका होत होत्या, बोट दाखवून बोलल्यावर त्या ०.३८ वर आल्या. कारण सोपं आहे. डोळा नेहमी दिसतं ते पाहत नाही, जे अपेक्षित असतं ते पाहतो. बोट, तोंड आणि कान त्याच्याबरोबर आले की त्याला पुढे पळता येत नाही.

ही पद्धत मी माझ्या टेबलावर आणली. जन्माचा दाखला छापायच्या आधी मी बोट ठेवून मोठ्याने वाचतो. बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख. एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजी अक्षरं सुटी करून. मग समोरच्या माणसाला तेच म्हणायला लावतो. 'बरोबर आहे का' असं विचारलं तर सगळे मान हलवतात. कचेरीत आलेला गरीब माणूस 'चूक आहे' असं सहसा म्हणत नाही. त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणायला लावलं की मात्र खरं काय ते बाहेर येतं. ज्ञानेश्वरची इंग्रजी सुरुवात 'डी'ने करायची की 'जी'ने, सय्यद कसं लिहायचं, तबस्सुममध्ये 'एस' एक की दोन, मोहम्मदाच्या तर पाच तऱ्हा. एका दाखल्याला मिनिटभर जास्त लागतं. रांगेतली माणसं कुरकुरतात, क्वचित कुणी 'साहेब, शाळा भरवलीय का?' असंही म्हणतं. म्हणू द्या.

कारण उलट बाजू मी पाहिली आहे. एका रिक्षावाल्याची मुलगी नर्सिंगच्या प्रवेशाला निवडली गेली होती. तिच्या दाखल्यावर आईचं नाव भलतंच लागलं होतं आणि स्वतःच्या नावात एक अक्षर कमी होतं. नोंद फार जुनी, दुसऱ्या गावातली. लिहिणारा कोण होता हे आता कुणालाच ठाऊक नाही आणि तोही बिचारा काही दुष्ट माणूस नसणार. घाईत असेल. पण त्या एका अक्षरापायी बापाने त्या गावाच्या चार खेपा केल्या, प्रतिज्ञापत्रं केली आणि प्रत्येक खेपेला दिवसाची कमाई बुडवली. माझ्याकडे तो फक्त अर्ज कसा लिहायचा ते विचारायला आला होता. मुलगी बाकावर बसून कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालत होती आणि पुन्हा काढून बघत होती. प्रवेशाची मुदत संपायला सहा दिवस उरले होते. काम झालं, पाचव्या दिवशी.

आमच्या कायद्यात दुरुस्तीची एक तऱ्हा आहे, ती मला कवी म्हणून फार आवडते. मूळ नोंद खोडता येत नाही. दुरुस्ती समासात लिहायची, खाली सही आणि तारीख. मूळ जे लिहिलं गेलं ते तसंच राहतं, शेजारी खरं काय ते येतं. पण समासात जायची वेळ का आणावी? आता तर मामला आणखी गंभीर आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात बदल झाला. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्माचा दाखला हाच पुरावा आहे. आज टेबलावर निसटलेलं अक्षर त्या मुलाबरोबर आयुष्यभर चालेल.

असं वाचून दाखवणं हे कमीपणाचं आहे, असं काही हुशार लोकांना वाटतं. त्यांना अतुल गवांदे या अमेरिकी सर्जनबद्दल सांगावंसं वाटतं. त्यांचे वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. गवांदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेच्या वेळी मोठ्याने वाचायची एकोणीस मुद्द्यांची यादी तयार केली. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रिया कुठल्या जागी करायची, प्रतिजैविक दिलं का, शेवटी कापसाचे बोळे मोजले का, असल्या अगदी साध्या गोष्टी. जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. त्यांत दिल्लीही होती. २००९ साली निकाल आला. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर उतरलं होतं. त्या यादीत आणखी एक मुद्दा आहे. सुरुवात करण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. एवढे मोठे डॉक्टर एकमेकांना नावं सांगतात, तर आपण दाखला वाचायला काय हरकत आहे?

कवितेचं काय, असं तुम्ही विचाराल. लिहायला स्फूर्ती लागते, सवय कसली? मी अँथनी ट्रोलॉप या इंग्रज कादंबरीकाराचं नाव घेतो. हा माणूस टपाल खात्यात नोकरीला होता. इंग्रजांच्या मुलखात रस्त्याकडेच्या टपालपेट्या आल्या, त्या त्याच्याच सूचनेवरून, १८५२ साली जर्सी बेटावर. तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसे. समोर घड्याळ, दर पाव तासाला अडीचशे शब्द. वेळेवर उठवून कॉफी देण्यासाठी एका म्हाताऱ्या नोकराला तो वर्षाला पाच पौंड जास्त देत असे आणि माझ्या यशाचं सर्वांत मोठं देणं मी याच माणसाचं लागतो, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. त्याने एकूण सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या पुष्कळ नोकरी सांभाळून. मृत्यूनंतर १८८३ साली आत्मचरित्र आलं, त्यात हे सगळं होतं. लोक नाराज झाले. कलावंत घड्याळ लावून लिहितो, हे वाचकांना पचलं नाही आणि बराच काळ त्याचं नाव उतरलं. मला मात्र तो म्हातारा नोकर विसरता येत नाही. चांगल्या सवयीमागे पुष्कळदा दुसरं कुणीतरी पहाटे उठलेलं असतं. आपल्याकडे ते बहुतेक घरातलं बाईमाणूस असतं आणि त्याला वर्षाला पाच पौंड कुणी देत नाही.

कविता अर्थात पाव तासाला अडीचशे शब्दांनी होत नाही. पण फज्रच्या नमाजीनंतर अर्धा तास मी वही उघडून बसतो. वही-पेन रात्रीच काढून ठेवतो आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. बहुतेक दिवशी काही होत नाही. जुनी ओळ घासतो, शब्द बदलतो, पुन्हा आधीचाच घालतो. महिन्यातून एखाद्या दिवशी काहीतरी येतं आणि तेव्हा मी जागेवर असतो, इतकाच त्या सवयीचा फायदा. तरुण कवी मूड नाही म्हणतात. मूड असतो, नाही असं नाही, पण तो घरी कुणी नसताना येऊन दार वाजवून जातो.

इथवर मी सवयीची बाजू घेतली. आता तिच्याविरुद्धही थोडं बोललं पाहिजे, कारण जी सवय हाताला शहाणं करते तीच माणसाला बधिरही करते. शिळ्या लाह्या खाणारा हात तोच आहे. आमच्याकडे नमाजीच्या आधी नियत करावी लागते. आता मी अमुक वेळेची नमाज अदा करतोय, असा मनात इरादा धरायचा. पूजेआधी संकल्प सोडतात, तसंच काहीसं. दिवसातून पाच वेळा तेच शब्द, त्याच हालचाली. त्या शरीर आपोआप करणार, मन भलतीकडे जाणार, हे ज्यांनी नेम घालून दिला त्यांना ठाऊक असणार. म्हणून दारातच एक उंबरठा ठेवला. नियत केली म्हणजे मन भटकत नाही असं मुळीच नाही. माझं तर भाजीच्या भावापर्यंत जाऊन येतं. पण निदान आत शिरताना एकदा ठेच लागते.

मिरजेला तंबोरे आणि सतारी करणाऱ्या कारागिरांची गल्ली आहे. मूळचे हे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचा जमाना गेला आणि त्यांच्या हातांनी वाद्यं घेतली. २०२४ साली तिथल्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. एकदा मी तिथे तंबोऱ्याची जवारी लावताना पाहत बसलो होतो. तारांखालच्या घोडीचा पृष्ठभाग कानस फिरवून असा उतरवायचा की तार वाजताना त्याला किंचित घासली पाहिजे. त्यातूनच तो भरलेला, गुंजणारा नाद येतो. कारागिराचा हात पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने चालत होता, बघायचीही गरज नव्हती. पण दोन-तीनदा कानस फिरवली की तो थांबायचा, तार छेडायचा आणि मान तिरपी करून ऐकायचा. मी काहीतरी विचारायला गेलो, तर त्याने हातानेच गप्प बसवलं. हात सवयीचा आणि कान दर वेळी नवा, असं काम मी दुसरीकडे फार पाहिलेलं नाही.

आमच्या टेबलावर जन्मनोंदणीत बधिरपणा आला तर अक्षर चुकतं. मृत्यूनोंदणीत तो आला तर त्याहून वाईट होतं. चेहऱ्याकडे न बघता 'मयताचं नाव? वय? कारण?' असं विचारणारी टेबलं मी वेगवेगळ्या गावांत पाहिली आहेत. समोर तीन दिवसांपूर्वी मूल गेलेली बाई उभी असते. कारकून वाईट नसतो. दिवसातला तो सातवा अर्ज असतो, इतकंच. म्हणून या एका कामाला मी स्वतःसाठी एक नेम लावून घेतला आहे. मृत्यूचा अर्ज पुढे आला की पेन खाली ठेवायचं. ठेवलेलं पेन दिसलं की वर बघायचं. समोरच्या माणसाला खुर्चीवर बसायला सांगायचं, ती त्यासाठीच मी टेबलाच्या या बाजूला घेतली आहे. मग विचारायचं, नाव काय त्यांचं? मयत हा शब्द छापील नमुन्यात आहे, तो नमुन्यातच राहू द्यायचा. बाई नाव सांगते. कधी लगेच सांगते, कधी जरा वेळ लागतो. मग मी पेन उचलतो, लिहितो आणि बोट ठेवून वाचून दाखवतो.